बेहडा, नर्द आणि पौबारा

बलिप्रतिपदेचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा. दरवर्षी त्या निमित्ताने बैठ्या खेळांवर लेख येतात आणि बहुतेकांत एकच घोटाळा असतो. ऋग्वेदातला जुगारी, युधिष्ठिराचे द्यूत, पाश्चात्त्यांचे बॅकगॅमन, सगळ्यांना 'सारीपाट' म्हणायचे आणि 'मूळ आपलेच' असा निकाल द्यायचा. या सरमिसळीत तीन निरनिराळे खेळ हरवतात, असे माझे म्हणणे आहे.

पहिला खेळ अक्षांचा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्तातले अक्ष म्हणजे बेहड्याची फळे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात बेहडा आजही वेचला जातो. त्रिफळा चूर्णातला तोच. फळ हातात घेतले की लक्षात येते, याचा ठिपक्यांचा फासा होणार नाही. हाइनरिश ल्युडर्स यांनी 1907 मध्ये केलेली उकल मला पटते ती यामुळेच : फळांची संख्या मोजायची, चाराने भागायची, कृत, त्रेता, द्वापर, कली ही डावांची नावे त्या हिशेबातली. सभापर्वातही सोंगट्यांची चाल नाही. अक्ष पडताच पण जिंकला जातो. दूरदर्शनवरच्या शकुनीपुढचा पट ही मागाहूनची सजावट.

दुसरा खेळ नर्दाचा. बॅकगॅमन याच कुळातले : चोवीस घरे, प्रत्येकी पंधरा सोंगट्या, दोन फासे आणि समोरासमोरून उलट दिशांना चाल. एका पहलवी ग्रंथात कथा आहे की हिंदच्या राजाने इराणला बुद्धिबळ पाठवले आणि बुझुर्गमिहराने उत्तरादाखल नर्द रचून पाठवला. आपले लेखक या कथेचा पहिला अर्धा भाग अभिमानाने सांगतात, दुसरा गाळतात. साक्षीदार मानायचा तर पुरता मानावा. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसरा याने 1130च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लासा'च्या क्रीडाविंशतीत पाशकक्रीडेचे वर्णन आहे आणि अभ्यासक तिला नर्दाच्या कुळात बसवतात. पण दख्खनच्या दरबारात खेळ रंगला म्हणून तो इथेच जन्मला, असे ठरत नाही.

तिसरा आपला सारीपाट : फुलीच्या आकाराचा पट, चार रंगांच्या सोळा सोंगट्या, सगळ्यांची फेरी एकाच दिशेने. त्याची साक्ष भाषेतच आहे. 'पौबारा' म्हणजे एक आणि बारा, म्हणजे तीन फाशांवर सहा, सहा आणि एक. दोन फाशांच्या बॅकगॅमनमध्ये हे दान पडूच शकत नाही. उलट हिंदीत चौसराच्या गोटीला 'नर्द' म्हणतात. म्हणजे शब्द एका पटावरून दुसऱ्यावर गेला. शेजार दिसतो, पण त्यातून वंशावळ सिद्ध होत नाही.

हा भेद केवळ पंडिती नाही. आमच्या गावांतून जमिनीवर रेघा ओढून खेळले जाणारे खेळ अजून पुरते नोंदलेले नाहीत. नोंदणारा 'सारीपाटाचाच प्रकार' असे लिहून पुढे गेला, तर ते कायमचे गेले. त्याने आधी घरे मोजावीत, चाल कुठून कुठे जाते ते पाहावे, खेळणाऱ्यांच्या तोंडचा शब्द टिपावा. नाव आणि मूळ यांचा निवाडा त्यानंतर.