आकड्यांची साक्ष : 'जीप्रॉफ' व 'जीकॉव्ह' ह्या साधनांचे एक परीक्षण

संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधांत दोन प्रकारची विधाने आता रूढ झाली आहेत. आज्ञावलीच्या इतक्या टक्के ओळी चाचण्यांनी व्यापल्या, हे एक. आणि अमुक फंक्शन सर्वांत अधिक वेळ घेते, हे दुसरे. विधानामागे आकडा असतो व आकड्यामागे साधनाचे नाव असते. तो आकडा कोणत्या रीतीने उत्पन्न झाला, ह्याची चिकित्सा मात्र क्वचितच केली जाते. प्रस्तुत लेखात जीसीसी कंपायलरबरोबर वापरल्या जाणाऱ्या दोन साधनांचे परीक्षण करावयाचे योजिले आहे. कालमापनाचे 'जीप्रॉफ' आणि व्याप्तिमापनाचे 'जीकॉव्ह' ही ती साधने होत. दोन्ही विनामूल्य असल्याने विष्णुपुरीसारख्या ठिकाणच्या प्रयोगशाळांतूनही ती सहज उपलब्ध होतात. यास्तव त्यांच्या मर्यादांची ओळख येथील विद्यार्थ्यांस अधिकच अगत्याची आहे.

ह्या मापनाची परंपरा जुनी आहे. आज्ञावलीचा कोणता भाग चाचणीत वापरला गेला, ह्याचा पद्धतशीर विचार मिलर व मॅलोनी ह्यांनी १९६३ साली मांडला. डोनाल्ड नूथ ह्यांनी १९७१ साली फोरट्रान आज्ञावल्यांचे निरीक्षण करून असे दाखविले की, आज्ञावलीचा चार टक्क्यांहूनही कमी भाग सामान्यतः निम्म्याहून अधिक वेळ खातो. तो अल्प भाग हुडकून काढणे हे कालमापनाचे प्रयोजन होय. पुढे १९८२ साली बर्कले येथील ग्रॅहॅम, केसलर व मॅक्यूझिक ह्यांनी 'जीप्रॉफ' विद्वानांपुढे ठेविले. कोणत्या फंक्शनने वेळ घेतला एवढेच न सांगता, तो कोणाच्या सांगण्यावरून घेतला हेही सांगावयाचे, ही त्यांची मूळ कल्पना होती. आणि तिचे महत्त्व आजही कमी झालेले नाही.

तथापि 'जीप्रॉफ'च्या तक्त्यात दोन भिन्न प्रतीची माहिती शेजारीशेजारी बसते. फंक्शन किती वेळा बोलाविले गेले, हा आकडा प्रत्यक्ष मोजलेला असतो. कारण कंपायलरने प्रत्येक फंक्शनच्या आरंभी मोजणीची आज्ञा घातलेली असते. वेळेचा आकडा मात्र नमुन्यांवरून काढलेला असतो. सेकंदाच्या साधारणतः शंभराव्या हिश्शास एकदा, आज्ञावली त्या क्षणी कोठे आहे हे पाहिले जाते व त्यावरून अनुमान केले जाते. नमुन्यांची संख्या जितकी, तिच्या वर्गमुळाइतकी चूक संभवते. चार सेकंद घेणाऱ्या फंक्शनचे ४०० नमुने पडतात. त्यांत २० नमुन्यांची, म्हणजे पाच टक्क्यांची, चूक अपेक्षित धरावी. परंतु ०.०४ सेकंद घेणाऱ्या फंक्शनचे नमुने अवघे चार. तेथे चूक निम्म्याची. तक्त्यात दोन्ही फंक्शने सारख्याच दशांश स्थळांनी छापली जातात. वाचकास पहिल्याइतकाच दुसरा आकडा विश्वसनीय वाटतो, हा त्या मांडणीचा दोष होय.

ह्याहून गंभीर दोष वेळेच्या वाटणीत आहे. एकच फंक्शन दोघांनी बोलाविले असेल, तर त्याचा वेळ 'जीप्रॉफ' बोलावण्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाटून देते. प्रत्येक बोलावण्यास सारखाच वेळ लागतो, असे येथे गृहीत आहे. निकालपत्रकाच्या एका कल्पित आज्ञावलीचे उदाहरण घेऊ. अनुक्रम लावणारे फंक्शन एका ठिकाणाहून ९९ वेळा, दरवेळी दहा नावांसाठी, बोलाविले जाते. दुसऱ्या ठिकाणाहून एकदाच, परंतु एक लक्ष नावांसाठी. खरा भार त्या एका बोलावण्याचा. अहवाल मात्र ९९ टक्के वेळ पहिल्याच्या खात्यावर लिहील. हा अहवाल प्रमाण मानून जो विद्यार्थी पहिल्या ठिकाणी सुधारणा करीत बसेल, त्याचे महिने व्यर्थ जातील. आणि आपले साधन बिघडले आहे, असेही त्यास कधी वाटणार नाही. कारण ते बिघडलेले नसतेच. जे गृहीत धरावयास त्यास शिकविले, तेच त्याने धरलेले असते.

'जीकॉव्ह'ची रीत निराळी आहे. येथे नमुने नसून मोजणी असते, म्हणून त्याचे आकडे निःशंक मानण्याकडे कल होतो. परंतु येथेही प्रत्येक आकडा मोजलेला नसतो. आज्ञावलीतील सर्व वाटांवर मोजणी ठेवणे खर्चाचे असल्याने कंपायलर काही निवडक वाटांवरच ती ठेवतो व उरलेल्या वाटांचे आकडे वजाबाकीने काढले जातात. विष्णुपुरीच्या उपसा सिंचन प्रकल्पाचे कालवे पाहिलेल्या वाचकांस हे समजणे कठीण नाही. मुख्य कालव्यात किती पाणी आले व एका फाट्याने किती गेले हे ठाऊक असेल, तर पाझर व बाष्पीभवन सोडून दिल्यास दुसऱ्या फाट्याचे पाणी निराळे मोजावे लागत नाही. परंतु मुख्य कालव्यावरील मोजपट्टीच कमी दाखवू लागली, तर जेथे मोजपट्टी नाही त्या फाट्याचा आकडा चुकतो. प्रसंगी तो शून्याखालीही जातो.

अनेक धागे एकाच वेळी चालविणाऱ्या आज्ञावलीत नेमके हेच घडते. दोन धागे एकच संख्या एकाच क्षणी वाचतात, दोघेही तीत एक मिळवितात व परत लिहितात. दोन वाढी व्हावयाच्या तेथे एकच होते. हरवलेली मोजणी एका वाटेवरची, परंतु तिचा परिणाम उमटतो तो भलत्याच ओळीवर. अहवालात एखादी ओळ ऋण संख्येइतक्या वेळा चालली असे दिसले, तर त्या ओळीत दोष शोधणे निष्फळ होय. ही वाढ अखंडित रीतीने करण्याचा पर्याय जीसीसीच्या सातव्या आवृत्तीत, २०१७ साली, आला. त्याने आज्ञावली मंदावते. तथापि बहुधागी आज्ञावलीसाठी तो अपरिहार्य समजावा.

शून्य ह्या आकड्याचे परीक्षण तर अधिकच सावधपणे केले पाहिजे. 'जीकॉव्ह'ची मोजणी आज्ञावली चालत असता स्मृतीत राहते व आज्ञावली स्वाभाविकपणे समाप्त होताना फाइलीत उतरते. आज्ञावली मध्येच कोसळली किंवा बाहेरून सिग्नल देऊन मारली गेली, तर काहीच उतरत नाही. म्हणजे ज्या चाचणीने दोष उघड केला, तिचीच साक्ष नोंदीतून गळते. अखंड चालणाऱ्या सेवा-आज्ञावल्यांच्या बाबतीत हा अनुभव नित्याचा आहे. त्यावर उपाय म्हणजे योग्य स्थळी मोजणी स्वहस्ते उतरवून घेणे. त्यासाठी जुन्या टिपणांतून सांगितलेले 'फ्लश' नावाचे फंक्शन २०२१ सालच्या अकराव्या आवृत्तीत काढून टाकण्यात आले असून त्याचे काम 'डंप' व 'रीसेट' ही दोन फंक्शने करतात. उलटपक्षी, आकडा फुगण्याचाही मार्ग आहे. पूर्वीच्या चाचण्यांच्या फाइली पुसल्या नाहीत, तर नवी मोजणी जुनीत मिळविली जाते. शून्याचा अर्थ 'चालली नाही' असाच होतो, किंवा मोठ्या टक्केवारीचा अर्थ 'आज चालली' असाच होतो, असे म्हणता येणार नाही.

येथे एक अंतर्विरोधही लक्षात घेतला पाहिजे. ओळींची व्याप्ती नीट कळावी म्हणून कंपायलरच्या सुधारणा बंद ठेवाव्या लागतात. नाही तर ओळी एकमेकींत मिसळतात. वेळ मोजावयाची तर सुधारणा चालू असाव्या लागतात, कारण वापरणारा तीच आज्ञावली वापरतो. मग एकाच बांधणीवरून दोन्ही आकडे घेऊन ते एकाच तक्त्यात मांडणे शास्त्रशुद्ध कसे ठरावे?

हा प्रश्न केवळ ह्या दोन साधनांपुरता नाही. मिटकोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली जावाच्या चार प्रचलित कालमापकांची तुलना केली, तेव्हा सर्वाधिक वेळ घेणारे फंक्शन कोणते ह्याविषयी ते वारंवार परस्परविरोधी उत्तरे देतात, असे दिसून आले. नमुने आज्ञावलीच्या ठराविक थांब्यांवरच घेतले जात, हे त्याचे कारण होते. व्याप्तीविषयी इनोझेमत्सेवा व होम्स ह्यांचे २०१४ सालचे संशोधन प्रसिद्ध आहे. पाच आज्ञावल्या व ३१,००० चाचणीसंच ह्यांवरून त्यांनी असे दाखविले की, संचाचा आकार सारखा धरल्यास व्याप्ती आणि दोष पकडण्याची शक्ती ह्यांचा संबंध क्षीण ते मध्यम एवढाच उरतो. न चाललेली ओळ तपासली गेली नाही, हे निश्चित. चाललेली ओळ तपासली गेली, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. तिचे उत्तर बरोबर आले की नाही, हे व्याप्तिमापक विचारीतच नाही.

ह्यावरून ही साधने टाकाऊ ठरवावयाची नाहीत. त्यांच्यावाचून आज्ञावलीच्या अंतरंगाचा ठाव लागणे दुर्घट आहे. आक्षेप आहे तो आकड्यास त्याच्या परिस्थितीपासून तोडून उद्धृत करण्यास. प्रबंधात टक्केवारी द्यावयाची, तर कंपायलरची आवृत्ती, सुधारणांची पातळी, धाग्यांची संख्या, नमुन्यांची एकूण संख्या, जुन्या फाइली पुसल्या होत्या की नाही आणि मध्येच कोसळलेल्या चाचण्या किती, एवढ्या गोष्टी तिच्याबरोबर आल्याच पाहिजेत. शिवाय एकदा तरी, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा छोट्या आज्ञावलीवर साधन चालवून पाहावे. अनुक्रमाचे वर दिलेले उदाहरण त्यास पुरेसे आहे. परीक्षकांनीही ही माहिती मागावी. ती मागितली जात नाही तोवर, मोठा आकडा मिळविणे हेच विद्यार्थ्यास संशोधन वाटत राहील, आणि आज्ञावलीतील दोष ज्याच्या वाट्यास जाईल त्या वापरणाऱ्यास त्या आकड्याचा काडीचाही उपयोग होणार नाही.