बुद्धिमत्तेचा सराव

शिष्यवृत्ती परीक्षेचे कोणतेही मार्गदर्शक पुस्तक उघडा. अंकमालिका, विसंगत पद, सांकेतिक भाषा, आरशातील प्रतिमा, नातेसंबंध अशी प्रकरणे. प्रत्येकात आधी एक 'युक्ती' आणि पुढे प्रश्नांची रास. मुखपृष्ठावर मात्र 'बुद्धिमत्ता चाचणी'. २०१७ मध्ये ही परीक्षा चौथी-सातवीकडून पाचवी-आठवीकडे गेली, तेव्हा ३०० पैकी १०० गुण या विषयाला होते. ज्याला तासिका आणि गृहपाठ असतो, तो विषयच म्हणायचा. पण गणितात कमी पडलेले मूल गणित शिकू लागते; 'बुद्धीत कमी पडला' असे ऐकलेल्या मुलाने काय शिकायचे?

आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये चाचणी तयार केली, ती जादा मदतीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी. अशा चाचणीतले प्रश्न मुलाला नवे असावेत, ही तिची अटच आहे. समुपदेशकाकडे नेण्यापूर्वी ते घोकून घेणे म्हणजे तापमापी तोंडात धरण्याआधी गरम चहा पिणे. तेथे मुलाची झोप पुरेशी झालेली असावी, पोट भरलेले असावे. याहून वेगळी तयारी नको.

स्पर्धेच्या परीक्षेचे तसे नाही. ब्रिटनमध्ये अकराव्या वर्षी मुलांच्या माध्यमिक शाळा ठरत, त्या परीक्षेत बुद्धिमापनाचे प्रश्न असत. १९५० च्या सुमारास फिलिप व्हर्नन आदींनी शिकवणीचा परिणाम तपासला. गुण वाढतात, पण बरीचशी वाढ पहिल्या काही तासांतच होते, असे दिसले. प्रश्नांचे प्रकार ओळखीचे झाले, वेळेचे भान आले की मोठे काम झाले. एवढे तास एकशिक्षकी शाळेतही देता येतात, आणि ते प्रत्येक मुलाला मिळालेच पाहिजेत. नाहीतर गुणवत्ता यादीत बुद्धीबरोबर घरची ऐपतही मोजली जाते. वर्षभर चालणाऱ्या जादा तासांना मात्र यातून फारसा आधार मिळत नाही.

उलट, युक्त्यांनी नुकसानच होते. १, २, ४, ८, १६, पुढे काय? पुस्तक म्हणते, दुप्पट करा, ३२. आता वर्तुळावर एक, दोन, तीन असे बिंदू वाढवत जा, सगळे बिंदू एकमेकांना सरळ रेषांनी जोडा आणि वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग पडतात ते मोजा. पाच बिंदूंपर्यंत नेमकी हीच मालिका मिळते. सहाव्याला ३१! पण उत्तरपत्रिकेत ३१ ला गुण नाही.

तसेच 'बटाटा, रताळे, गाजर, मुळा' यांचे. अपेक्षित उत्तर बटाटा, कारण तो खोड आहे, बाकीची मुळे. एखादी मुलगी 'मुळा' म्हणते, कारण तिच्या घरी त्याच्या पाल्याची भाजी करतात. ती चुकली असे कसे म्हणणार? उत्तरपत्रिकेत कारण लिहायला जागाच नसते. वर्गात मात्र ते विचारता येते. त्यात तासिका गेली तर सरावाचे वीस प्रश्न राहतील. राहू द्यावेत.