'स्मृतिचित्रे'तील कृपा : सिद्धांत आणि संसार

प्रस्तुत लेखात लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा विचार ख्रिस्ती श्रद्धेतील 'कृपा' या संकल्पनेच्या अनुषंगाने करावयाचा आहे. या ग्रंथातील भाषा, विनोद आणि निर्व्याज निवेदन यांविषयी मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. त्यातील धर्मानुभवाकडे मात्र बहुधा धर्मांतराची एक हकिकत एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. ही मर्यादा खटकणारी आहे.

ख्रिस्ती धर्मविचारात कृपा म्हणजे मनुष्याने न कमावलेले, ईश्वराने आपण होऊन दिलेले दान. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'खारिस'. मनुष्य नियमपालनाच्या बळावर नव्हे, तर या दानामुळे ईश्वराचा होतो, हे संत पौलाचे प्रतिपादन. पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलागियस यांचा वाद याच मुद्द्यावर झाला. सोळाव्या शतकात ल्यूथरने तो पुन्हा ऐरणीवर आणला आणि १९९९ साली लूथरन व कॅथलिक चर्चने संयुक्त घोषणापत्राद्वारे त्यातील मूलभूत बाबींवर सहमती नोंदविली. मराठीत मात्र 'कृपा' हा शब्द कोरा आला नाही. संतवाणीतील अर्थांचे ओझे आणि ओलावा घेऊनच तो बायबलच्या भाषांतरात उतरला. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे मानीत.

लक्ष्मीबाईंना असा पूल उपलब्ध नव्हता. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या वाट्याला आला तो वियोग आणि लोकापवाद. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, परंतु स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवूनच. पुढे जातिभेद मनुष्याने निर्माण केला, ईश्वराने नव्हे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी तो सोडला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम महत्त्वाचा आहे. वर्गात हा भाग शिकविताना आपण त्याला 'सुधारणा' असे नाव देऊन पुढे जातो. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे तेच केले.

सोवळे ही कमावण्याची आणि राखण्याची गोष्ट आहे. स्नान, धुतलेले वस्त्र, वेगळा हंडा यांनी शुद्धी मिळवावयाची आणि दुसऱ्याच्या स्पर्शापासून ती जपावयाची. त्यात इतरांना देता येते. त्यांच्या हातून घेता मात्र येत नाही. कृपेचे स्वरूप नेमके याच्या उलट आहे. तिच्यात घेणाऱ्याला हात पुढे करावा लागतो आणि आपण रिकामे आहोत हे मान्य करावे लागते. उच्चवर्णीय स्त्रीने दुसऱ्याच्या हातचे पाणी स्वीकारणे म्हणजे तिने इतरांवर केलेला उपकार नव्हे. तीच येथे याचक झाली आहे. पौलाने नियमशास्त्राविषयी जे मांडले, ते या घरात पाण्याच्या घोटातून घडते, आणि घडते ते कोणत्याही धर्मशास्त्रीय परिभाषेवाचून. म्हणूनच हा प्रसंग टिळकांच्या धर्मपर काव्यापेक्षा अधिक मूलगामी वाटतो.

तथापि येथे एक धोका आहे. कृपेच्या नावाखाली या स्त्रीचे दुःख पुसून टाकणे सोपे आहे. वियोगातून अखेर कल्याणच झाले, म्हणून तो वियोग ईश्वरी योजना होती, असा अर्थ लावणारे भाविक वाचक आढळतात. ग्रंथ स्वतः याला साथ देत नाही. पतीने विश्वासात न घेता केलेल्या धर्मांतराचा आघात त्यात कोठेही सौम्य केलेला नाही. विनोदाच्या आवरणाखालीही तो जाणवत राहतो. जर्मन धर्मचिंतक डीट्रिश बॉनहॉफर याने १९३७ साली 'स्वस्त कृपे'वर टीका केली. किंमत न मोजता मिळणारे समाधान म्हणजे कृपा नव्हे, असा त्याचा रोख. 'स्मृतिचित्रे'त किंमत मोजलेली दिसते, आणि ती बहुतांशी लक्ष्मीबाईंनी मोजलेली आहे.

दुष्काळात पोरकी झालेली मुले टिळकांनी घरी आणली, त्या प्रसंगांतही हेच दिसते. देण्याचा उमाळा टिळकांचा. त्या मुलांचे जेवणखाण, आजारपण आणि पैशांची ओढाताण लक्ष्मीबाईंची. त्या कुरकुर करतात, पतीची थट्टाही करतात आणि ताटे वाढतात.