‘सिन सिटी’: काळी शाई आणि मार्वची नजर

फ्रँक मिलरच्या ‘सिन सिटी’चा विषय निघाला की लोक आधी हिंसेवर येतात. आपण आधी शाईबद्दल बोलू. ही न्वार ग्राफिक कादंबरी 1991 पासून क्रमशः आली. तिच्या पहिल्या गोष्टीत काळा आहे, पांढरा आहे. मधला करडा जवळजवळ नाहीच. मार्व पावसातून चालतो, ती पानं बघा. काळ्याभोर पानावर पांढरे फटकारे आहेत, आणि त्यांतून माणूस जुळवायचं काम आपल्या डोळ्यांना करावं लागतं.

आता गंमत बघा. चित्र इतकं ठाम, आणि मार्वचं डोकं मात्र डळमळीत. औषध घ्यायचं राहिलं की तो गोंधळतो. गोल्डीचा खून झालाय हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी तिची जुळी बहीण वेंडी समोर आली की तो तिला गोल्डीच समजतो. म्हणजे हा काळा-पांढरा निवाडा मार्वचा आहे, आणि आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतोय. इथे मिलरला दाद द्यायलाच हवी.

पण हिशेब इथे संपत नाही. मार्वच्या चेहऱ्यावरची एकेक जखम, एकेक पट्टी दिसते; बायकांच्या वाट्याला बहुतेक वेळा नुसती वळणदार आकृती येते. ही मर्यादा मार्वची की मिलरची? पहिल्या गोष्टीपुरती मार्वची म्हणू. पुढे ड्वाइट येतो, हार्टिगन येतो. नजर बदलते, आकृती तशीच राहते. मग मात्र बोट चित्रकाराकडेच जातं.