पुन्हा पुन्हा फुलणं म्हणजे दीर्घायुष्य नव्हे

शेतातली मोहरी एकदा फुलते, शेंगा धरते आणि वाळून जाते. तिच्याच कुळातली अरेबिस अल्पाइना ही पांढऱ्या फुलांची छोटी वनस्पती मात्र आल्प्ससारख्या डोंगरांत खडकांच्या फटींतून वर्षानुवर्षं जगते आणि दर हिवाळ्यानंतर पुन्हा फुलते. हे तिला जमतं कसं? या प्रश्नावरचा २००९ चा 'नेचर'मधला पेपर आज वाचूया. तो जर्मनीतल्या कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेतून, जॉर्ज कुपलंड यांच्या गटाकडून आला.

आधी मुख्य मुद्दा. अरॅबिडॉप्सिस थॅलियाना या एकवर्षायू नातेवाइकात एफएलसी नावाचा जीन फुलण्याला कुलूप लावून ठेवतो. लांबलेली थंडी ते कुलूप काढते, आणि ते पुन्हा लागत नाही. झाड फुलतं, बी धरतं, संपतं. अरेबिसमध्ये त्याच जीनचा भाऊबंद आहे पेप१. थंडीत तोही गप्प होतो, पण ऊब आली की परत जागा होतो. जीनभोवतीच्या हिस्टोन प्रथिनांवर थंडीत लागलेली रासायनिक खूण इथे टिकत नाही. म्हणून काही फांद्या फुलतात, बाकीच्या पानंच काढत राहतात आणि पुढच्या हिवाळ्याची वाट पाहतात.

पुरावा भक्कम आहे. पेप१ बिघडलेला म्युटंट थंडीशिवाय फुलतो आणि फुलतच राहतो. इतका सरळ तर्क असलेले पेपर फार नसतात.

माझी तक्रार पुढे सुरू होते. लेखकांनी जपून लिहिलंय: पेप१ बहुवर्षायूपणाच्या तीन लक्षणांना हातभार लावतो. पण हाच पेपर तोंडी सांगताना 'दीर्घायुष्याचा जीन सापडला' असं कधी होतं, कळतही नाही. नीट बघा: पेप१ गेल्यावर झाड एकदाच फुलून मरत नाही, उलट त्याचं फुलणं थांबत नाही. निसर्गातही पेप१ निकामी झालेले, हिवाळ्याशिवाय फुलणारे वाण सापडलेत. तो अभ्यास २०१२ चा. म्हणजे पेप१ ऋतूचं वेळापत्रक सांभाळतो. आयुष्याची लांबी हा वेगळा प्रश्न.

हा फरक आपल्याला नवा नको वाटायला. सह्याद्रीतली कारवी आठवा. ती सातेक वर्षं जगते, एकदाच फुलते आणि मरते. वर्षानुवर्षं जगणं आणि पुन्हा पुन्हा फुलणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे कारवी एकटीच सिद्ध करते.

दुसरी उणीव वयाची. अरेबिसची कोवळी रोपं कितीही थंडी दिली तरी फुलत नाहीत. कोवळ्या बाजूच्या फांद्यांचंही तेच. झाडाची खरी राखीव शिल्लक तिथे असते. हा धागा २०१३ मध्ये 'सायन्स'मधल्या दोन पेपरांनी उलगडला. त्यांच्याशिवाय २००९ ची गोष्ट अर्धीच राहते.

हे सगळं केवळ शब्दांवरून भांडण नाही. एकदा पेरून अनेक वर्षं कापता येईल असं पीक बनवायचं स्वप्न बरेच जण बघतायत. तिथे एका जीनवर भिस्त ठेवली तर चुकीच्या दारावर वर्षानुवर्षं टकटक होईल. पेपर जरूर वाचा. फक्त वाचताना स्वतःला विचारत राहा: इथे फुलण्याबद्दल बोलतायत, की जगण्याबद्दल?