उन्नतीचे इंग्रजी पर्याय

इंग्रजी लिहिण्याची हौस असलेल्या आमच्या तरुण मंडळींजवळ डॉ. पीटर मार्क रोझे यांचा ‘थिसॉरस’ हा पर्यायकोश बहुधा असतोच; हल्लीं तो कागदावर नसला तर यंत्राच्या पडद्यावर असतो. एका शब्दाचा कंटाळा आला कीं त्यांत डोकवावें, दुसरा उचलावा आणि वाक्यांत बसवून मोकळें व्हावें, असा प्रघात पडला आहे. ग्रंथाच्या थोरवीविषयीं आम्हांस शंका नाहीं. रोझे हे धंद्यानें वैद्य व वीस वर्षांवर रॉयल सोसायटीचे चिटणीस. प्राण्यांच्या जशा जाती-उपजाती लावतात तशा त्यांनीं कल्पनांच्या लावल्या, आणि सन १८५२ मध्यें, वयाच्या ७३ व्या वर्षीं, १,००० सदरांखालीं इंग्रजी भाषेची मालमत्ता मांडून दाखविली. उलटसुलट अर्थांचीं सदरें समोरासमोर दोन रकान्यांत छापण्याची त्यांची युक्ति तर फारच मार्मिक आहे.

परंतु घराची पारख करावयाची तर त्याचा एखादा कोपरा नीट पाहावा. आम्ही वर जाण्याच्या व बरें होण्याच्या अर्थाचे शब्द घेतले. रोझे यांनीं पुढें जाणें २८२ व्या सदरांत, चढणें ३०५ व्या सदरांत आणि सुधारणें ६५८ व्या सदरांत ठेवलें आहे. एकेका सदरांत शब्दांची नुसती गर्दी. कोणास कोणाहून वेगळें कां म्हणावें याचा मात्र उलगडा नाहीं.

यांपैकीं ‘राइझ’ व ‘रेझ’ ही जोडी मराठी माणसास चटकन् कळावी, कारण चढणें-चढविणें, उठणें-उठविणें हा भेद आपल्या क्रियापदांच्या अंगींच आहे. इंग्रजीस त्यासाठीं पाहुणा बोलवावा लागला. ‘राइझ’ घरचा, ‘रेझ’ स्कँडिनेव्हियन दर्यावर्द्यांच्या बोलींतून आलेला. आणि त्याचा घरचा भाऊ ‘रिअर’ हा पोरेंगुरें वाढविण्याच्या कामास लागला. ‘ॲडव्हान्स’ची गोष्ट तर गमतीची आहे. त्यांतील ‘ड’ हा सोळाव्या शतकांत लॅटिन ‘आद्’ उपसर्गाच्या भ्रमानें घुसला. मुळांत तेथें ‘आब्’ म्हणजे ‘पासून’ होता. पुढें सरकण्याचा शब्दच चुकीच्या पायावर उभा आहे, असें एखादा विनोदी लेखक म्हणेल. आम्ही म्हणत नाहीं.

खरी गोम ‘इंप्रूव्ह’ या शब्दांत आहे. दिसावयास तो सोज्ज्वळ. परंतु त्याच्या पोटांत नफा या अर्थाचा जुना फ्रेंच शब्द आहे. जमीन ‘इंप्रूव्ह’ करणें म्हणजे तिचें उत्पन्न वाढविणें, आणि त्यासाठीं गांवच्या पडीत व सामाईक रानास कुंपण घालणें. सन १६०४ पासून १९१४ पर्यंत पार्लमेंटनें अशा कुंपणांचे ५,२०० हून अधिक कायदे केले. सुमारें ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकपंचमांशाहून थोडी अधिक जमीन त्यांखालीं आली. ज्या गरिबाची गाय त्या रानांत चरत होती त्याच्या कानास हा शब्द कसा लागला असेल? स्कॉटलंडांत सदरलंडच्या जहागिरीवर १८१४ व १८१९ सालीं स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यांतील कुळें हुसकून लावलीं, मेंढ्यांसाठीं रान मोकळें केलें, आणि लोकांनीं परत येऊं नये म्हणून घरें पेटविलीं. त्या जहागिरीचे कारभारी जेम्स लॉक यांनीं १८२० मध्यें या व्यवहाराचा वृत्तांत लिहिला, तेव्हां ग्रंथाच्या नांवांत शब्द घातला तो ‘इंप्रूव्हमेंट्स’! लॉक खोटें बोलत होते असें नव्हे. शब्दाच्या जुन्या अर्थानें ते अगदीं खरें बोलत होते. जमिनीचा नफा हाच तर हेतु होता. जेन ऑस्टेन यांच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्यें (१८१४) श्रीमंत मंडळी बागेच्या अशाच सुधारणेच्या गप्पा मारतात, रेप्टन या खऱ्याखुऱ्या बागकाराची फी दिवसास पांच गिनी असल्याचें सांगतात, आणि जुने वृक्ष तोडण्याची गोष्ट निघतांच घरांतील आश्रित मुलगी फॅनी तेवढी हळहळते. त्या बाईंनीं शब्दाचें दुसरें तोंड पाहिलें होतें. रोझे यांच्या सदरांत तें दिसत नाहीं.

आणखी एक. दडपलेले लोक उठतात त्यास इंग्रजींत ‘रायझिंग’ म्हणतात. डब्लिनचा १९१६ चा उठाव त्याच नांवानें प्रसिद्ध आहे. हा शब्द मात्र थिसॉरसच्या जुन्या आवृत्तींत बंड व दंगा यांच्या पंगतीस, ‘अवज्ञा’ या ७४२ व्या सदरांत बसलेला आढळतो. धन्यानें वर नेलें तर उन्नति, आणि कूळ आपण होऊन उठलें तर अवज्ञा! ही वांटणी रोझे यांनीं द्वेषानें केली नाहीं. भाषेनें ती आधींच केली होती. त्यांनीं ती निमूटपणें उतरून घेतली, एवढीच आमची तक्रार.

आपला संबंध येथें येतो. मुंबईंत १८९६ च्या प्लेगानंतर १८९८ सालीं ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. रस्ते रुंद झाले, हवा खेळूं लागली, हें खरें. पण दाट वस्तींतील घरेंही पाडलीं गेलीं आणि त्यांतील गरिबांस दुसरा आसरा शोधणें भाग पडलें. या ‘इंप्रूव्हमेंट’ला आम्ही ‘सुधारणा’ म्हणतों. परंतु आगरकरांनीं १८८८ सालीं ‘सुधारक’ काढला तेव्हां त्या शब्दांत दोष काढण्याची, आचार शुद्ध करण्याची भावना होती. नफ्याचा त्यांत लवलेश नव्हता. इंग्रजी शब्दाचा जमाखर्च असा मराठी शब्दाच्या सोंवळ्याखालीं झांकला जातो. ‘उत्कर्ष’ म्हणावें तर त्यांत ओढणें आहे, म्हणजे कोणीतरी ओढणारा आला. ‘अभ्युदय’ सूर्यासारखा आपोआप होतो. यांतला कोणता घ्यावा हें पर्यायकोश कसें सांगणार?

निवड वाचकाच्या उपजत तारतम्यानें होईल, असा भरंवसा रोझे यांनीं प्रस्तावनेंत ठेवला आहे. इंग्रजास हें तारतम्य बाळकडूबरोबर मिळत असेल. परक्यास तें वाचनानेंच कमवावें लागतें, आणि हाताशीं यादी असली कीं वाचनाचा आळस होतो. आमच्याकडे अभिप्रायार्थ आलेल्या एका इंग्रजी निबंधांत एका ओसाड तालुक्याचें वर्णन होतें. तेथील जमिनी कारखान्यासाठीं घेतल्या त्यास लेखकांनीं प्रथम ‘इंप्रूव्हमेंट’, पुढें पुनरुक्ति टाळण्यासाठीं ‘एलेव्हेशन’, ‘ॲडव्हान्स’ व शेवटीं ‘असेंट’ म्हटलें होतें. आम्ही निबंध परत पाठविला, आणि त्या जमिनींवरचीं कुळें कोठें गेलीं तें लिहावें, मग शब्द आपोआप ठरेल, असें समासांत सुचविलें. लेखक हुशार आहेत. निबंध दुरुस्त होऊन आल्यास त्याचा विचार अवश्य करूं.