छोटी अँटेना, मोठे दावे

मिरा रोड-भाईंदरच्या बहुमजली वस्तीत हौशी रेडिओच्या छंदाला पहिली अडचण येते ती जागेची. हॅम मंडळींच्या ४० मीटर पट्ट्यासाठी (भारतात ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ) साधी अर्धतरंग डायपोल अँटेना लावायची, तर सुमारे २० मीटर तार ताणावी लागते. गच्चीवर पाण्याच्या टाक्या असतात, शिवाय सोसायटीची परवानगी हवी. अशा वेळी ‘मीटरभर आकाराची, सर्व पट्ट्यांवर चालणारी, जुळवणीची कटकट नसलेली’ अँटेना कोणालाही मोहात पाडते. शाळेच्या विज्ञान मंडळाचे पैसे तिच्यात घालण्यापूर्वी हे दावे कसे पारखावेत, ते पाहू.

पहिला पुरावा दिला जातो तो एसडब्ल्यूआरचा, म्हणजे स्थिर तरंग गुणोत्तराचा. ‘सर्व पट्ट्यांवर १.५ पेक्षा कमी!’ हा आकडा खरा असू शकतो. पण तो एवढेच सांगतो की केबलमधून गेलेली ऊर्जा फारशी परत आली नाही. ती आकाशात गेली की उष्णता होऊन संपली, हे तो सांगत नाही. ५० ओहमच्या केबलच्या टोकाला ५० ओहमचा साधा रोधक जोडा. एसडब्ल्यूआर येईल १, आणि प्रक्षेपण जवळजवळ शून्य! लांब, झिजलेली केबलही हा आकडा सुधारून दाखवते, कारण परतणारी ऊर्जा ती वाटेतच गिळते.

मग लहान अँटेनाची खरी मर्यादा कोणती? १९४७ साली व्हीलर आणि १९४८ साली चू यांनी ती गणिताने दाखवली. तरंगलांबीच्या मानाने अँटेना जितकी लहान, तितका ती कार्यक्षमतेने झाकू शकेल असा पट्टा अरुंद. लहान आकार, रुंद पट्टा आणि उत्तम कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत.

एक उदाहरण सोडवून पाहू. २२ मिलिमीटर जाड तांब्याच्या नळीचे, एक मीटर व्यासाचे कडे घ्या. ७.१ मेगाहर्ट्झला त्याचा प्रारणरोध सुमारे ०.००६ ओहम येतो. उच्च वारंवारतेचा प्रवाह नळीच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. त्यामुळे नळीचा स्वतःचा रोध सुमारे ०.०३२ ओहम होतो. शक्ती याच प्रमाणात वाटली जाते. म्हणजे १०० वॉटपैकी १६ वॉट आकाशात आणि बाकी उष्णता. कपॅसिटर व जोड यांतील नुकसान यात धरलेलेच नाही. एवढे करूनही एका जुळवणीत मिळणारा पट्टा सुमारे ५ किलोहर्ट्झच. वारंवारता थोडी बदलली की पुन्हा जुळवणी आलीच.

आता समजा, तेवढ्याच कड्याने पुन्हा न जुळवता २०० किलोहर्ट्झचा पूर्ण पट्टा झाकावा असे म्हटले. त्यासाठी एकूण रोध ४० पट व्हायला हवा. प्रारणरोध मात्र तेवढाच राहतो, म्हणून कार्यक्षमता अर्ध्या टक्क्याखाली येते. ज्या रुंद पट्ट्याची जाहिरात होते, तोच ऊर्जा वाया जात असल्याचा पुरावा ठरतो!

याचा अर्थ रुंद पट्ट्याच्या सर्वच अँटेना फसव्या आहेत असे नव्हे. १९४९ साली काउंट्रीमन यांनी ‘क्यूएसटी’ मासिकात मांडलेली टी-टू-एफडी ही प्रामाणिक रचना आहे. तिच्यात मुद्दाम एक रोधक बसवलेला असतो आणि काही शक्ती त्यात जाते, हे लपवलेले नसते. मात्र ७ मेगाहर्ट्झसाठी तिलाही सुमारे १४ मीटर लांबी लागते.

‘पण आमचे परदेशात बोलणे झाले!’ ही साक्ष बहुधा खरी असते, आणि तिथेच गफलत होते. शक्ती १०० वरून १६ वॉटवर आली, तर फरक ८ डेसिबल. म्हणजे ग्राहकाच्या काट्यावर एका एस-घराहून थोडा जास्त. आयनांबरातील बदलांमुळे संदेश काही मिनिटांत याहून अधिक वरखाली होतो. आयनांबर अनुकूल असेल तर अर्ध्या वॉटवरही संपर्क होतो. एका संपर्कावरून अँटेना सिद्ध होत नाही.

जागेचाही परिणाम असतो. उत्तनच्या किनाऱ्याजवळ किंवा भाईंदरच्या मिठागरांलगत खारे पाणी उभ्या अँटेनाच्या क्षितिजालगतच्या प्रक्षेपणाला मदत करते. तीच अँटेना स्टेशनजवळच्या इमारतींच्या गर्दीत निराळी वागेल. शिवाय पुष्कळदा केबलचे बाहेरचे आवरणच प्रक्षेपण करीत असते. केबलवर फेराइटची कडी चढवताच अँटेना ‘मंदावली’, तर श्रेय केबलचे होते असे समजावे.

खरी कसोटी तुलनेची आहे. त्याच जागी, तेवढ्याच शक्तीने, माहितीतल्या डायपोलशी आलटून पालटून चाचणी घ्यावी. नोबेल विजेते जो टेलर यांनी २००८ साली आणलेल्या डब्ल्यूएसपीआर प्रणालीमुळे दूरदूरच्या अनेक ग्राहकांकडून डेसिबलमध्ये नोंदी मिळतात. शेकडो नोंदींच्या फरकाचा मध्यक काढणे हा अकरावीच्या विद्यार्थ्यांना सहज जमणारा प्रकल्प आहे. प्रक्षेपण मात्र परवानाधारकानेच करावे.

जागा नसेल तर लहान अँटेना जरूर लावावी. १६ वॉट हे शून्यापेक्षा पुष्कळच चांगले. मात्र विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत: तुलना कशाशी केली, कोणत्या जागी केली आणि किती वेळा केली? उत्तरादाखल पुन्हा एसडब्ल्यूआरचाच आलेख पुढे आला, तर पैसे खिशात ठेवून २० मीटर तार विकत घ्यावी आणि सोसायटीच्या सचिवांना भेटावे.